आभाराचा फ्लेक्स

बाळासोंना एकच ध्यास लागला होता. पोराला, मल्हारला, ते जहाज मिळालं पाहिजे. म्हसवडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं नेव्हीत अधिकारी झालं, हेच गावातल्या कित्येकांना अजून पचलं नव्हतं. त्यात आता त्याला शिडाच्या जहाजाचा कप्तान व्हायची संधी आली होती. नव्या पोरांना वाऱ्यावर जहाज हाकायला शिकवतात, ते हे जहाज. मल्हारनं त्याच्यावर उमेदीची वर्षं घातली होती. पण जागा एकच, आणि टपून बसलेले बरेच.

आता असली कामं वशिल्याशिवाय होतात होय? बाळासोंनी जन्मभर तरी होताना पाहिली नव्हती. साधं रेशनकार्ड काढायचं तर कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागायचं. म्हणून त्यांनी कळपातला थोराड मेंढा घेतला, नवंकोरं घोंगडं घेतलं आणि औंध गाठलं. नेव्हीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंद्रजित साहेब तिथं बंगला बांधून राहत होते.

"सायब, पोराकडं ध्यान असू द्या," बाळासो हात जोडून म्हणाले.

साहेबांनी घोंगड्यावरून हात फिरवला. "अहो, आपलाच मुलगा आहे. बोलतो मी वर."

बाळासो हवेत तरंगतच घरी आले. मेंढा साहेबांच्या पाहुण्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

महिना सरला आणि मल्हारचा फोन आला. "आबा, जहाज मलाच मिळतंय. पण आदेश अजून निघायचा हाय. तवर गावात कुठं बोलू नका."

न बोलणं बाळासोंच्यानं कसलं होतंय! उपकार करणाऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं नाही तर तो माणूस कसला? त्यांनी फ्लेक्स करायला टाकला.

"आवं, पोरगं नगं म्हणतंय की," त्यांची बायको रंगुबाई म्हणाली.

"तू गप गं. सायबांनी एवढं केलं, आन आपण त्वांड लपवायचं व्हय?"

स्टँडसमोर फ्लेक्स झळकला. पांढऱ्या गणवेशात मल्हार, शेजारी त्याच्या दुप्पट मोठे इंद्रजित साहेब आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'साहेबांच्या कृपेने आमच्या मल्हारला जहाज मिळाले. साहेबांचे जाहीर आभार!' बाळासोंनी स्वतः पेढे वाटले. कुणीतरी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो फिरत फिरत नेमका नेव्हीतल्या नको त्या वरिष्ठाच्या मोबाइलवर पोचला.

झालं! वशिल्याची चौकशी लागली. इंद्रजित साहेबांनाही विचारणा झाली. गृहस्थानं कानावर हात ठेवले. म्हणाला, "या अधिकाऱ्यासाठी मी कुणाकडे कधी बोललो नाही." आणि मेल्याचं हे बोलणं सोळा आणे खरं होतं. त्यानं साधा फोनसुद्धा फिरवला नव्हता. पण गावातल्या जाहीर आभारापुढं ते कोण मानणार? वर बापानंच तशी जाहिरात केलेली. साहेब नामानिराळे राहिले आणि डाग बसला मल्हारवर. जहाज दुसऱ्याला गेलं. पुढची बढतीही कायमची गेली.

मल्हारनं सुट्टीवर आल्यावर जहाज गेल्याचं सांगितलं. बाळासोंच्या जिवाची नुसती काहिली झाली. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"मी औंधला जातो. सायबांचं पाय धरतो."

"आबा, खाली बसा." मल्हारचा आवाज चढला नाही. "त्यांनी कायबी केलं नव्हतं. यादीत सगळ्यांत वर माझंच नाव हुतं. कुणाच्याच शब्दाची गरज नव्हती."

"मग मला आदी सांगायचं न्हाई व्हय रं?"

"तुमी इचारलंत कवा? थेट दुसऱ्याच्या दारात गेला." मल्हारनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. "माझ्या जिवावर मी एवढं करीन, असं तुमाला एकदाबी वाटलं न्हाई का, आबा?"

बाळासोंनी बोलायला तोंड उघडलं. पण पोराच्या तोंडावर खोटं बोलवेना. खरंच वाटलं नव्हतं.