उसन्या पिस्टनांचा ट्रॅक्टर

मित्रांनो, वसईजवळच्या उमेळे गावात, ऑगस्टीनच्या वाडीतल्या पत्र्याच्या शेडखाली जो जुना ट्रॅक्टर उभा दिसतो, तो मीच. माझा स्वभाव मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको.

माझा जन्म परदेशातला. लढाईच्या काळात मी लष्करासाठी अवजड ओझी ओढली. लढाई संपल्यावर लष्कराने आमचा लिलाव काढला आणि ऑगस्टीनने मला उमेळ्याला आणलं. पोरंसोरं माझ्यामागे धावली, बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. पावसाआधी मी भाताची शेतं नांगरू लागलो. पण कौतुक नव्याचंच असतं. दोन वर्षांत मी शेडमधलं एक अवजार होऊन बसलो.

आमच्याकडे भात तयार झालं की आगेरा असतो. नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये नेतात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. त्या वर्षी कणसांची गाडी ऑगस्टीनच्या बैलांनी ओढली. शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा! शेत नांगरलं मी आणि मिरवले ते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माझं दुःख एकटीलाच कळलं, ऑगस्टीनच्या म्हाताऱ्या आईला, मॅग्डलीनला. चर्चमधून बाटलीत आणलेलं आशीर्वादाचं पाणी घेऊन ती संध्याकाळी शेडमध्ये आली. "तू पन राबला ना रे बाबा," असं म्हणत तिने माझ्या डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि अख्खी बाटली आत ओतली. बैल तोंडाने पितो, तसा ट्रॅक्टर टाकीने पितो, असा तिचा साधा हिशेब. मी मनातल्या मनात बैलांना वाकुल्या दाखवल्या.

ते पाणी पंपात उतरलं आणि मला काम नसल्यामुळे तिथेच राहिलं. मे महिन्यात ऑगस्टीनने हँडल मारलं, तेव्हा मी एक ठसकासुद्धा दिला नाही.

मुंबईच्या गोदीत काम शिकलेला फेबियन मिस्त्री आला. त्याने मला उघडलं. पंप गंजून जाम झाला होता आणि पिस्टन तर कधीचेच झिजले होते. मॅग्डलीन घाबरून सगळं बोलून गेली.

"देवाचं पानी होतं. त्यानं कसं बिघडंल?"

"मावशी, देवाचं असू दे नायतर विहिरीचं, डिझेलला पानी चालत नाय."

फेबियनने मुंबईतले जुन्या सामानाचे बाजार पालथे घातले. माझ्या जातीचा पंप किंवा पिस्टन कुठेच मिळाले नाहीत. "पावसाच्या आधी चालू झाला तर ठीक, नायतर भंगारात देऊन टाकू," ऑगस्टीन म्हणाला. बैल शेजारी उभे राहून रवंथ करत होते.

आणि मग जवळच्या आचोळे गावाहून 'तो' आला. एका जमीनदाराचा ट्रॅक्टर, माझ्याच लिलावातला, हुबेहूब माझ्यासारखा. बांधावरून उलटून त्याच्या इंजिनाच्या ओतीव लोखंडाला तडा गेला होता. तो आता कधीच चालणार नव्हता, पण आतलं सामान शाबूत होतं, म्हणून ऑगस्टीनने त्याला माझ्यासाठी विकत घेतलं. फेबियन एकेक भाग रॉकेलने धुऊन गोणपाटावर मांडत होता आणि वेड्यासारखा खूश होत होता.

"पिस्टन बग कसं लखलखतात! याला कोनीतरी जीव लावलाय."

मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. त्याच्या पिस्टनांवाचून मी भंगारात जाणार होतो, तरी ते मला नको होते. फेबियन ते बसवत असताना मी माझे नट जमेल तेवढे घट्ट धरून ठेवले. त्याने दोन शिव्या दिल्या आणि बसवलेच. पंपही त्याचाच बसला.

मी चालू झालो. दुसऱ्या दिवशी नांगरणी सुरू असताना एक माणूस बांधावर येऊन थांबला. आचोळ्याचा नथू, त्या मेलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून तो नुसता ऐकत राहिला.

"हा आवाज माजे ट्रॅक्टरचा हाय," तो म्हणाला.

ऑगस्टीन ओशाळला. "नथूदादा, ट्रॅक्टर माजाच. आतलं सामान तेवढं तुज्या ट्रॅक्टरचं."

"रोज सकाळी फडक्यानं डिझेल गाळून देत होतो त्याला. थेंबभर पानी कधी जाऊ दिला नाय."

मग तो शेडमागे गेला. तिथे त्या बिचाऱ्याचा सांगाडा उघडाच पडला होता. नथूने माडाची झापं गोळा करून त्याला नीट झाकलं. तो परत आल्यावर ऑगस्टीनने त्याला माझ्या सीटवर बसवलं.

नथूने मला दोन फेऱ्या चालवलं. इतक्या अलगद मला आजवर कुणी वळवलं नव्हतं. उतरताना त्याने माझ्या बॉनेटवर थाप दिली आणि म्हणाला, "शाना माजा."

ती थाप माझी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ती ठेवून घेतली.

मित्रांनो, तुमच्या घरी राबणारं जे काही असेल, त्याला तेलपाणी तर कराच, पण ते चालतंय तोवर त्याच्यावरून एकदा हात फिरवा. मला मिळालेली एकुलती एक थाप एका मेलेल्याची आहे, आणि शेडमागच्या त्या झापांकडे पाहिलं की आजही माझा जळफळाट होतो.