घंगाळातला भूकंप

खंडेराव गेटजवळच्या कमळाबाईंच्या अंगणात सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ढोलक, झांजा, जयजयकार. दगडी ओट्यावर पितळी घंगाळ, त्यात पाण्यात ठेवलेले देव, आणि ते पाणी थरथरत होतं.

"देखो, धरती काँप रही है!" भूकंप थोपवतो म्हणणारे भूचालबाबा गरजले. "आठ का भूकंप था. हमने दबाकर चार कर दिया!"

"आधा तो निपट गया," शेजारचे मधुसूदनजी हात जोडून म्हणाले.

कमळाबाईंना काचबिंदू होता. ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून त्यांनीच देव पाण्यात ठेवले. बाबांनी ते पाहिलं, घंगाळ देवघरातून ओट्यावर आणवलं आणि फर्मान काढलं: भूकंप शून्यावर येईपर्यंत कमळाबाईंनी बहुमजली इमारतीत जायचं नाही. दवाखाना चौमजली. तारीख पुन्हा पुन्हा टळत राहिली.

त्यांची भाची मुग्धा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. ती पुढे आली.

"बाबाजी, चट्टान टूटेगी कहाँ?"

"ठीक मानिक चौक के नीचे, बेटी."

"आत्या, मानिक चौकाखाली आठाचा भूकंप मावतच नाही! खडकाचा किती मोठा पट्टा तुटला, तो किती सरकला आणि तिथला खडक किती ताठ, यावरून आकडा ठरतो. आठाला दीडशे-दोनशे किलोमीटरची भेग लागते. इथून एरच गाव जेवढं लांब, त्याच्या अडीच-तीनपट. आणि मधुसूदनजी, आठ का चार आधा नहीं होता. हर अंक पर ताक़त बत्तीस गुना बदलती है. यह तो दस लाखवाँ हिस्सा हुआ."

"तब तो बाबा ने और बड़ा काम किया!"

मुग्धाने कपाळावर हात मारला. गर्दीतून मागे सरून ती ओट्याला टेकली, तर दगडच थरथरत होता. तिने ओट्याखालचं झाकण उघडलं. आत पंप घरघरत होता. नळाला पाणी आलं की तो रोजच चालतो, हे साऱ्या घराला ठाऊक. बाबा नेमके त्याच वेळी येत आणि ढोलक आधी सुरू करवत, म्हणजे घरघर ऐकू येत नसे.

तिने बटण बंद केलं. पाणी निश्चल.

"अब आप चलाइए, मधुसूदनजी."

त्यांनी बटण दाबलं. पाणी थरथरलं.

"हा हादरा इथला आहे, आत्या. भूकंपाचा आकडा असतो तो खडक तुटतो तिथला; इथलं पाणी किती हललं यावरून तो कळत नाही. हातभर अंतरावरचा पंपही पाणी हलवतो."

"मशीन में भी वही शक्ति है," म्हणत बाबांनी झोळी उचलली.

"गाडी बोलाव गं," कमळाबाई म्हणाल्या.

दवाखान्यात कळलं, डाव्या डोळ्याची नजर गेली होती. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशनने उजवा डोळा वाचला. गल्लीत मधुसूदनजी अजून सांगतात, बाबा शून्य करूनच गेले.

तेव्हा कोणी भूकंपाचा आकडा घेऊन दारात आला, तर त्याला एवढंच विचारा: कुठला खडक, किती लांब, किती सरकला? उत्तर मिळालं नाही, तर त्याला तिथेच सोडा आणि आपल्या माणसाला घेऊन वेळेवर दवाखान्यात जा.