कापलेले आठ सेकंद

मुलांनो, जरा कल्पना करा. रविवारची सकाळ आहे. पुंडलिकनगरातल्या मोकळ्या प्लॉटवर मंडप टाकलाय, दीडशे माणसं दाटीवाटीनं बसली आहेत आणि पुंजाराम महाराजांसमोर एकोणीस वर्षांचा सत्यम उभा आहे. वजन उचलण्याच्या स्पर्धेसाठी तो रोज जिममध्ये घाम गाळतो, पण महिनाभर उजव्या खांद्यात खोलवर कळ येतेय. तुम्हीही त्याच्यासारखा हात समोर ताठ धरा.

"अंगठा खाली कर बाळा, पाताळाकडं!" महाराजांनी त्याचं मनगट दाबलं. सत्यम कळवळला.

"दिसला! खडा बसलाय खांद्यात. मागच्या जन्मी कुणाच्या तरी बांधावरचा दगड हलवलास. व्हय की नाय?"

सत्यमला मागचा जन्म काही आठवेना, पण त्यानं मान डोलावली. महाराजांनी खांद्यावर भस्म फुंकलं.

"आता तळवा वर. प्रसाद घेतात तसा!"

पुन्हा मनगट दाबलं आणि काय आश्चर्य, कळ नाही! मंडप जयजयकारानं दणाणला.

सत्यमची बहीण श्रेया आठवीत होती. तिनं हे सगळं मोबाइलवर टिपलं. मंडपातून निघताना सत्यमनं पाठीला बॅग अडकवली आणि त्याचं तोंड वाकडं झालं, तेही टिपलं गेलं. घरी येऊन तिनं ते शेवटचे आठ सेकंद कापले. चमत्कारात कण्हणं बरं दिसत नव्हतं. उरलेला व्हिडिओ तिनं इंटरनेटवर टाकला.

संध्याकाळी सत्यम खांदा चोळत म्हणाला, "अजून जरा रुततंय गं." मग त्यानं तिचा व्हिडिओ पाहिला. "नाय, यात तर लख्ख दिसतंय. बरा झालोय मी!" तो जिमला गेला. वजन डोक्यावर नेताना खांद्यात कट्ट झालं. परतला तो हात गळ्यात बांधूनच.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकातल्या दवाखान्यात डॉक्टर शाइस्तांनी त्याला हात समोर धरायला सांगितला. अंगठा खाली. दाबलं. सत्यम ओरडला. मग तळवा वर. कळ बरीच कमी.

"डॉक्टर, महाराजांनीही हेच केलं होतं!" श्रेया म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. "खांद्याची वाटी उथळ असते, बेटा. तिच्या काठाला रबरासारखी मऊ कड असते. दंडाच्या स्नायूची दोरी तिला वरून बांधलेली. कडेला चीर पडली, की अंगठा खाली करून दाबल्यावर त्या चिरेवर ताण येतो. तळवा वर केला की ताण सैलावतो. आम्ही यावरून दुखणं ओळखतो. तो महाराज त्यालाच इलाज म्हणतो."

"मग खडा?"

"खडा कुठला? पहिली चीर विश्रांतीनं आणि व्यायामानं बहुधा निभावली असती. आता वाढलेली दिसते. एमआरआय काढून बघू, कदाचित ऑपरेशन लागेल."

श्रेयाच्या घशाशी आलेले आठ सेकंद तिनं गिळून टाकले. त्या आठवड्यात तिच्या व्हिडिओखाली सत्यमच्या जिममधल्या अबुजरनं लिहिलं होतं, 'मेरा भी खांदा दुखता. इतवारको मैं भी आता.'

रविवारी अंगठा खाली, कळ, भस्म असं सगळं झाल्यावर महाराजांनी अबुजरचा तळवा वर करून मनगट दाबलं. "गेला का खडा?"

"गया महाराज!"

"अबुजरभाई," गर्दीतून श्रेयाचा आवाज आला, "आता परत अंगठा खाली करा. पहिल्यासारखाच."

"कोण गं तू? नास्तिक पोर!" महाराज गुरकावले.

"तुमच्या व्हिडिओवाली."

अबुजरनं अंगठा खाली केला. कुणीतरी पुढं होऊन दाबलं. "अय्यो, मर गया! वैसाच दुखतंय की!"

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. पण तोवर मागची एक म्हातारी ओरडली, "मग आधीच तळवा वर ठिवायचा व्हता की! दुखलंच नसतं!" मंडप हसू लागला.

मुलांनो, यासाठी डॉक्टरच असायला हवं असं नाही. कुणी बरं केलं म्हटलं, की आधी जी कसोटी लावली तीच नंतरही लावा. आणि कुणी काही दाखवलं, तर काय दाखवलं नाही तेही विचारा.

मंडप रिकामा झाला. लोक श्रेयाची पाठ थोपटत होते, पण तिला ते सोसवेना. ती घरी आली. सत्यम हात गळ्यात बांधून बसला होता.

"लई शहाणी झालीस म्हणं! अबुजरचा फोन आला होता."

श्रेयानं मोबाइल काढला, कापून ठेवलेले आठ सेकंद लावले आणि त्याच्या डाव्या हातात दिले.