बुडत कोण होतं

अजीम शेख पाण्यात उतरला की तलावाच्या पाळीवर, बांधावर बसलेल्या म्हशी उठून जातात, असं त्याचे मित्र म्हणायचे. पोंभुर्ण्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा गडी. लहानपणी विहिरीत उड्या मारून जे पोहणं आलं, तेच अजून चालू होतं. मान वर, छाती पुढे आणि दोन्ही हातांनी धबाधबा पाणी हाणायचं. थोडं अंतर गेलं की त्याला धाप लागायची. मग तो पाळीकडे वळून ओरडायचा, "चला रे, दुकान उघडाचं हाय!"

सकाळी तलावावर येणाऱ्या त्या चार-पाच जणांत तो सगळ्यात ताकदवान. तो दमतो हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गावच्या शाळेतल्या कुलदीप मास्तरांची आई तलावावर येऊ लागली. बायनाबाईंची सगळी नोकरी गडचिरोलीकडच्या सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या. जुना पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून त्या पाण्यात शिरायच्या आणि सरळ पलीकडच्या काठाला जाऊन परत यायच्या. पाणी फारसं हलायचंही नाही. बाहेर आल्या की लगेच बोलू लागायच्या, जणू अंगणातून फिरून आल्या.

अजीम चोरून पाहायचा. आपल्याहून वीसेक वर्षांनी मोठी बाई न दमता तलाव ओलांडते, हे त्याला रोज टोचायचं. एका सकाळी त्याने सगळ्यांसमोर म्हटलं, "सिस्टरबाई, आज मीबी येतो पलीकडे."

"दम पुरेल का, अजीमभाऊ?"

"म्हणजे काय!"

"मधात थकले तं लाजू नका. मले आवाज देजा."

मधोमध पोचण्याआधीच त्याचा दम संपला. समोरचा काठ जवळ येईना, मागचा लांब गेलेला. पाय लोखंडी अँगलसारखे खाली ओढत होते. बायनाबाई दोन हात पुढे होत्या. एक हाक मारायची होती, पण ती त्याच्या तोंडून निघाली नाही. पाळीवर बाबूभाई आणि बाकीचे मित्र बसले होते ना! मग नाकात पाणी गेलं, डोळ्यांपुढे हिरवं झालं आणि हाताला काहीतरी लागलं. ती बायनाबाईंची मान होती. तो त्यांच्यावर चढला.

पुढे त्याला सगळ्यात जास्त हेच आठवायचं. हाताखाली माणूस आहे हे त्याला कळलं होतं. तरी त्याने दाबलं.

बायनाबाई मुद्दाम खोल गेल्या. त्याची पकड सुटली. त्या मागून वर आल्या, त्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि त्याला उताणा केला. "श्वास सोडा! सोडा म्हणते ना!" असं खोकत खोकत ओरडत त्यांनी त्याला ओढत काठाजवळ आणलं. जमिनीला पाय लागल्यावर अजीम आधी उभा राहिला. बाईंना खोकल्याची उबळ आली होती. त्याने सवयीने हात पुढे केला आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना पाळीवर चढवलं.

लोकांनी नीट पाहिलं ते एवढंच.

कुलदीप पाळीवरून धावत आला. "आई! काय झालं?" मग अजीमकडे वळून तो भर पाळीवर त्याच्या पायाशी वाकला. "अजीमभाऊ, तुमी नसते तं आज…"

"मी नाई रे," बायनाबाई खोकत म्हणाल्या, "मी बुडत नव्हती."

"बरं बरं. तू बोलू नको आता."

बायनाबाईंनी अजीमकडे पाहिलं. अजीमने बनियनचं टोक पिळायला घेतलं आणि पिळतच राहिला.

दुपारपर्यंत गावभर झालं. दुकानावर माणसं येऊन पाठ थोपटू लागली. कुलदीपच्या बायकोने, खुशबूने, डबाभर करंज्या पाठवल्या. बाबूभाईंनी ठरवलं की शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. घरी त्याची बायको निशात दारात उभी राहून शेजारणींना सांगत होती, "हे असेच आहेत, दुसऱ्यासाठी जीव टाकतात." अजीमने करंजी हातात घेतली आणि तशीच डब्यात ठेवली.

बायनाबाई तलावावर दिसेनाशा झाल्या. "आता वय झालं आईचं," कुलदीप सांगायचा. "मीच बंद केलं तिचं पाण्यात जाणं."

आठवडी बाजारात भाजीच्या पालापाशी त्या अजीमला समोरच भेटल्या. पदर खांद्यावरून सरकला होता आणि कानामागून मानेपर्यंत नखांचे लाल ओरखडे दिसत होते. त्याची नजर तिथे गेली हे त्यांना कळलं. त्यांनी पदर सावरला.

"भाऊ, मी सांगून सांगून थकली घरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कोणी ऐकत नाई. म्हणतेत, म्हातारीले मान्य कराची लाज वाटून राह्यली. तुमी बोलले काऊन नाई?"

अजीम समोरच्या ढिगातली वांगी चाचपू लागला. त्या पिशवी उचलून निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी अजीम कुलदीपच्या घरी गेला. कुलदीप अंगणात खाटेवर बसला होता. "या, या! खुशबू, चहा ठेव व, अजीमभाऊ आले."

अजीम बसला नाही. "मास्तर, तुमच्या आई बुडत नव्हत्या. मी बुडत होतो."

कुलदीप हसला. "तुमचं मोठेपण आहे, भाऊ."

"मोठेपण नाई. मी त्यांच्या मानेवर चढलो. त्यांले खाली दाबलं. त्यांनीच मले ओढत बाहेर आणलं."

कुलदीपचं हसू हळूहळू गेलं. स्वयंपाकघराच्या दारात खुशबू पातेलं हातात घेऊन उभी राहिली.

"मी तुमच्या पाया पडलो," कुलदीप म्हणाला. "शाळेत पोरांले तुमची गोष्ट सांगतली."

"हो."

"मंग तवाच काऊन नाई बोलले?"

"लाज वाटली."

"आन् माझी आई इतके दिवस घरात बसून राह्यली, तवा नाई वाटली?"

अजीमला वाटलं, याने आता एक कानाखाली दिली तर बरं. पण कुलदीपने हात उचलला नाही. आतून बायनाबाई बाहेर आल्या.

"त्याले काय विचारतं? मी त पहिल्याच दिवशी सांगतलं होतं तुले. ऐकलं का माझं?"

कुलदीपची मान खाली गेली. चहा आला नाही आणि कोणाला त्याची आठवणही झाली नाही. अजीम फाटकाकडे वळला तेव्हा बाईंचा आवाज आला.

"सकाळी येजा तलावावर. उथळात."

"आता पाण्यात उतराची हिंमत नाई, बाई."

"पुराच्या दिवसात तुमच्यासारखेच आधी पाण्यात उड्या मारतेत. हे असं पोहणं घेऊन कोणाले वाचवाले जासाल, तं दोघंही जासाल. शिकून घ्या."

घरी त्याने निशातला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मोहल्ल्यात मीच सांगत फिरली ना."

सकाळी धुणं धुणाऱ्या बायका काठावर होत्या. त्यांच्या देखत अजीम कमरेएवढ्या पाण्यात लहान पोरासारखा तोंड बुडवून बुडबुडे काढत होता. बायका पदराआड हसल्या. पाळीवर मित्र बसले होते, पण खरं काय ते त्यांनाही रात्रीच कळलं होतं आणि ते हसत नव्हते. नेहमी टिंगल करणारे बाबूभाईसुद्धा दुसरीकडे पाहत होते. सत्काराचं कोणी नाव काढलं नाही. अजीमला वाटलं, हसले असते तर सोपं गेलं असतं.

"तुमी श्वास धरून ठेवता," बाई सांगत होत्या. "जुना बाहेर गेल्याबिगर नवा आत येईन कसा? तोंड पाण्यात असतानाच सोडा, सावकाश. आन् मान वर काऊन करता? मान वर गेली का पाय खाली जातेत. तळाकडे पाहा."

"तळाकडे पाहिलं का भीती वाटते."

"मलेबी वाटे. मीबी चाळिशीनंतरच शिकली, नागपुरात पुराच्या बचावाच्या ट्रेनिंगले गेली तवा. त्याआधी तुमच्यासारखीच पाण्याले मारत होती."

श्वास कसा घ्यायचा ते दाखवायला त्या पाण्यावर आडव्या झाल्या. एक कान पाण्यात ठेवून त्यांनी तोंड बाजूला वळवलं. कानामागचे ओरखडे आता फिकट झाले होते. अजीम ओरखड्यांकडेच पाहत राहिला.

"समजलं का?"

"हो," तो म्हणाला. त्याने काहीच पाहिलं नव्हतं. त्यांना पुन्हा दाखवावं लागलं.

दिवस गेले. सुरुवातीला तर त्याच्या पोटात तलावाचं निम्मं पाणी गेलं. हात आपटायची सवय सुटेना. "पाण्याले हाणू नका, हात पुढे सरकवा, मंग थोडं घसरू द्या सोताले," बाई म्हणायच्या. तो घाई करायचा. घाई केली की दम लागायचा, दम लागला की मान वर यायची, आणि मान वर आली की त्याला ती मान आठवायची, हाताखालची. मग तो उभा राहून जायचा.

एका सकाळी मात्र तो काठाकाठाने निघाला आणि विचार करायचं विसरला. हात पुढे जायचा, अंग एका कुशीवर वळायचं, तोंड आपोआप हवेत यायचं. कानात बुडबुड्यांचा आवाज तेवढा होता. हाताला दगड लागला तेव्हा तो धुण्याच्या घाटापासून पार सांडव्यापर्यंत आला होता. तो उभा राहिला. छाती भात्यासारखी उडत नव्हती. कोणी पाहिलं का, म्हणून त्याने पटकन पाळीकडे नजर टाकली आणि लगेच स्वतःचाच राग आला.

कुलदीपने पाहिलं होतं. त्या संध्याकाळपासून तो अजीमशी एक शब्द बोलला नव्हता. रोज आईबरोबर यायचा, ट्रकची फुगवलेली ट्यूब मांडीशी घेऊन पाळीवर बसायचा आणि आई बाहेर येईपर्यंत उठायचा नाही. बायनाबाई आत्ता तलावाच्या मध्यात होत्या.

"दमले नाई आज?" कुलदीपने विचारलं.

"नाई."

कुलदीपने मान हलवली. मग आईकडे पाहत म्हणाला, "आईसंग मात्र अजून जाऊ नका."

"नाई जात," अजीम म्हणाला आणि उथळातूनच परत फिरला.