बन्सीलालची हिरवी पिशवी

तळोद्याच्या आरोग्य केंद्रातल्या रंजनाबाई नर्स डोंगरातल्या पाड्यांवर ओळखल्या जायच्या त्या त्यांच्या पिशवीवरून. जाड हिरव्या कॅनव्हासची, वर लांब चेन, दोन भक्कम बंद, बाहेरून दोन मोठे खिसे. आत सगळीकडून कापूस भरून शिवलेलं अस्तर होतं. वैमानिक आपलं हेल्मेट असल्या पिशवीत ठेवतात. धक्का लागू नये, काचेला ओरखडा येऊ नये म्हणून ते अस्तर. रंजनाबाईंनी त्यात उकळलेल्या कात्र्यांचा डबा, कापूस, स्पिरिट आणि रबरी शेकपिशवी ठेवली होती. एका खिशात नाळ बांधायचा दोरा, दुसऱ्यात दुपारची भाकरी.

ती पिशवी त्यांच्या धाकट्या भावाची, बन्सीलालची. तापीकाठच्या गुजर घरातला तो पोरगा केळीच्या बागेत रमला नाही. हवाई दलात गेला आणि विमानांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. एका साहेबाने टाकून दिलेली पिशवी त्याने धुऊन, बंद नव्याने शिवून बहिणीला आणून दिली. "ताई, तुझ्या त्या पत्र्याच्या पेटीपेक्षा ही बरी. खांद्याला लाव आणि चढ डोंगर." एकसष्ट साली त्याला कावीळ झाली. दूरच्या गावी दवाखान्याच्या खाटेवर तो गेला, आणि त्यानंतर रंजनाबाईंनी पिशवी खाली ठेवणं जवळजवळ सोडूनच दिलं.

जीप चालवणारा धुडकू त्यावरून, विमानाचं नाव काढून चिडवायचा. "बाई, तुमनी थैलीमा इमान घडी करी ठेयेल शे का? मांडीवरथून खाले उतरतच नही!"

"तू रस्त्याकडे बघ, धुडकू. मागल्या खेपेला नाल्यात उतरवली होतीस."

"नाला मधमा उना, बाई. मी काय करू?"

पिशवी कोणाची, असं लोक विचारायचे. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा रंजनाबाई म्हणाल्या होत्या, "भावाची. तो विमानात होता." त्यावर विचारणाऱ्याचे डोळे मोठे झाले आणि आवाज खाली आला. बन्सीलाल विमानाच्या पोटात शिरून पान्याने बोल्ट आवळायचा, तेव्हा शब्दाला धरून पाहिलं तर ते खोटं नव्हतं. एरवी थर्मामीटर दोनदा वाचल्याशिवाय आकडा न सांगणाऱ्या रंजनाबाईंनी हे एवढं वाक्य मात्र कधी दुरुस्त केलं नाही. कावीळ म्हटली की लोक मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळत. विमान म्हटलं की बन्सीलाल आणखी थोडा वेळ तिथे असायचा.

चौसष्टच्या पौषात त्या तोरणमाळच्या अंगाच्या एका पाड्यावर गेल्या. जीप पायथ्याशी थांबली, पुढे चढण पायीच होती. फुलीबाईची सून रुखमा सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगा उदेसिंग ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. कुडाच्या घरात धुराने डोळे चुरचुरत होते. फुलीबाईने लुगड्याच्या आत, उघड्या छातीशी काहीतरी धरलं होतं. रंजनाबाईंनी पदर बाजूला केला. मुलगी होती, तळहातावर मावेल एवढी, आणि श्वास घेत होती.

"अंगवर नको धरू, माय," रंजनाबाई अहिराणीत म्हणाल्या. घामाने, हाताने जंतू लागतात, असं त्या शिकल्या होत्या आणि तसंच शिकवत आल्या होत्या. बाळ खाली तळोद्याला न्यावं म्हटलं तर त्या गारठ्यात, उघड्या जीपमधून, ते पोचलं नसतं. आणि त्यांना स्वतःला थांबता येत नव्हतं. पलीकडच्या पाड्यांवर देवी टोचायचं काम ठरलेलं होतं.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. थंडीच्या दिवसांत त्यांनी एकदा दोन सारख्या बाटल्यांत कढत पाणी भरलं होतं, एक गोधडीत गुंडाळली होती, दुसरी या पिशवीत ठेवली होती. सकाळी गोधडीतली गार झाली होती, पिशवीतली हाताला अजून कोमट लागत होती. त्यांनी सगळं सामान बाहेर काढलं, आत कापसाचा जाड थर दिला, शेकपिशवी भरून फडक्यात गुंडाळून एका टोकाला ठेवली.

"हाईमा ठेव पोरले. तोंड उघडं ऱ्हाऊ दे. पाणी गार व्हयनं की बदल. दूध पिळी चमचाघाई पाज. अंगवर धरानं नही."

फुलीबाईने अस्तरावरून बोट फिरवलं. इतकं मऊ काही तिने पाहिलं नसावं. "कोनी शे हाई थैली?"

"मन्हा भाऊनी. इमानमा व्हता तो." रंजनाबाई कात्र्या फडक्यात बांधत होत्या. "आते नही ऱ्हायना."

फुलीबाईचं बोट थांबलं. तिने वर छपराकडे, छपरातून दिसणाऱ्या आभाळाच्या फटीकडे पाहिलं. "त्याना दगड मांडा का तुमी?"

"नही, माय. आमनामा तशी रीत नही," रंजनाबाई घाईने म्हणाल्या. खालून धुडकूच्या हाका येत होत्या. पिशवी मागे ठेवून उतरताना खांदा रिकामा लागत होता. तरी आपण योग्य तेच केलं, असं त्यांना वाटत होतं. बन्सीलालची वस्तू कधी एवढी कामाला आली नव्हती.

तीन दिवसांनी त्या परत चढल्या. अंगण ओलांडून त्या घरात शिरल्या. आत पहिल्यांदा दिसली ती पिशवी. घराच्या मधल्या खांबाला उंच टांगलेली, पुसून लख्ख केलेली, चेन शेवटपर्यंत लावलेली. खाली शेणाने सारवलेल्या चौकोनात ज्वारीचे दाणे वाहिले होते. मोहाच्या दारूची धार सोडल्याचा वास अजून येत होता.

"पोर?" रंजनाबाईंनी विचारलं.

"काल गई," फुलीबाई म्हणाली. "पहाटले."

रंजनाबाईंनी पिशवी खाली उतरवून चेन उघडली. कापूस त्यांनी पसरला होता तसाच होता. शेकपिशवी तशीच फडक्यात, गार आणि भरलेली.

"हाईमा ठेवी नही तिले?"

"कशी ठेवू, बाई?" फुलीबाईच्या आवाजात तक्रार नव्हती. लहान मुलाला सांगावं तसं ती सांगू लागली. जो माणूस पडून, बुडून, अवचित मरतो, त्याचा जीव त्याच्या नावाचा दगड मांडेपर्यंत भटकत राहतो. आपल्या वस्तूंपाशी येऊन बसतो. तिथे कोवळा जीव ठेवला तर तो सोबतीला घेऊन जाईल. "तुना भाऊ आभाळमाथून पडना. त्याना दगड नही. आम्ही त्याले दाणा वाह्या, धार दिनी. म्हनं, भाऊ, पोरकडे नको देखू."

"मग मला का नाही सांगितलं?" घाईत रंजनाबाईंच्या तोंडून शाळेतली मराठी आली.

"तू तुना भाऊनी चीज मना घरमा सोडी गई. नको कशी म्हनू?"

"आणि अंगावर...?"

"तू नको म्हने ना. मंग नही धरं. खाटवर ठेवी, आगटीपासी."

रंजनाबाई तिथेच, सारवलेल्या चौकोनाच्या कडेला बसल्या. पोर ना छातीशी राहिली, ना पिशवीत. दोन्ही वाटा त्यांनीच बंद केल्या होत्या, एक शिकलेल्या गोष्टीने आणि एक न सुधारलेल्या वाक्याने.

फुलीबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "खाटवर, बिमारीमा माणूस गया ते काही नही. तो निंघी जास. तुना भाऊ बिचारा मधमाच ऱ्हायना. दगड मांड त्याना, बाई. इसरू नको."

खाटेवरच गेला तो. कावीळ होती. विमान उडवलं नाही त्याने कधी. तीन छोटी वाक्यं रंजनाबाईंच्या ओठांपर्यंत आली. ती बोलून टाकली असती तर त्यांचं मन हलकं झालं असतं. आणि या म्हातारीला कळलं असतं की पिशवीत काहीच नव्हतं, पोर तिथे ठेवता आली असती. मग उरलेलं आयुष्य तिने या खांबाकडे बघत काढलं असतं.

"मांडसू, माय," त्या म्हणाल्या.

कोपऱ्यात रुखमा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चोळीवर ओले डाग पडले होते, आणि दंड अंगाला लागला तरी ती कळवळत होती. दुधाने छाती दगडासारखी झाली होती. हे तरी रंजनाबाईंच्या हातातलं काम होतं. त्यांनी रुंद पट्टीचं कापड घेतलं, तिच्यासमोर बसल्या आणि काखेखालून फिरवत हळूहळू बांधू लागल्या.

"दुखस का?"

रुखमाने मान हलवली. दुखतं की नाही, ते त्यावरून कळलं नाही. रंजनाबाईंनी गाठ सोडली, पट्टी थोडी सैल केली आणि पुन्हा बांधली.