गोदूबाईला विचारलं कुणी?

“थांबा. मागे घ्या ते,” क्षितिजा म्हणाली.

तिच्या पुस्तकाच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या प्रितेशने मोबाइलवरचा व्हिडिओ मागे नेला. तिच्याच दवाखान्यातली खुर्ची. खुर्चीत यंत्रमाग कारखान्यातली गोदूबाई बसलेली आणि क्षितिजा तिच्या कानात श्रवणयंत्र बसवतेय. यंत्र सुरू झालं तशी गोदूबाई दचकली, इकडेतिकडे बघायला लागली आणि मग ओक्साबोक्शी रडू लागली. मागे करुण बासरी लावलेली. खाली सोनेरी अक्षरं : ‘डॉ. क्षितिजा भोईर यांचं पहिलं पुस्तक, लवकरच!’

“हे कधी काढलंत?”

“त्या दिवशी मी बाहेर बसलो होतो ना? दार उघडं होतं. मॅडम, एकदम नॅचरल आलंय. लोक नुसते शेअर करतायत.”

“तिला विचारलंत?”

“विचारलं असतं तर ती अशी रडली असती का?” प्रितेश हसला.

“आणि मी डॉक्टर नाहीये. मी कान तपासते.”

“नावापुढे डॉक्टर असलं की वजन पडतं. मी पहिल्यापासून सांगतोय, प्रोफेशनल माणसाचं पुस्तक खपत नसतं. पुस्तकामुळे माणूस खपतो. पुस्तक म्हणजे तुमचं व्हिजिटिंग कार्ड.”

“आत्ताच्या आत्ता काढून टाका ते,” क्षितिजा म्हणाली. तिचा आवाज इतका चढला होता, की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

ठाण्याला ‘प्रत्येक व्यावसायिकात एक पुस्तक दडलेलं असतं’ अशा नावाचं शिबिर झालं होतं, तिथे तिला हा प्रितेश भेटला. पुस्तक तिच्यात खरंच दडलेलं होतं. तिचा जन्म भिवंडीतल्या कामतघरचा. वडील, तुळशीराम, आयुष्यभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. घरी आले की साधं पाणीसुद्धा ओरडून मागायचे. बाबा तापट आहेत, हेच ती लहानपणापासून धरून चालली होती. त्यांच्यासमोर यायलाही घाबरायची. पुढे कान तपासण्याचं शिक्षण घेताना, एका दुपारी वर्गात, तिच्या लक्षात आलं की बाबा कधी रागावलेलेच नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं. तोवर बाबा राहिले नव्हते.

म्हणून तिने लूमवाल्यांसाठी पुस्तक लिहिलं. साध्या भाषेत, मोठ्या टायपात. कान कसे जातात, कसे वाचवायचे आणि मालकाने काय द्यायला हवं. प्रितेशने हस्तलिखित वाचून पहिला सल्ला दिला होता तो असा : “कामगार पुस्तक घेत नाहीत. मालक घेतात. त्यांना आवडेल असं करा.”

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच गोदूबाई पायरीवर बसलेली दिसली. कामाच्या वेळेला ती इथे कशी, हे विचारायच्या आतच ती उठली.

“माजं रडनं कोनी दाखवलं गावाला?”

“गोदूमावशी, मी नाही...”

“तुजंच नाव हाय त्याच्यावर. शेठनं बगितलं. म्हनाला, बाय, तुला ऐकू येत न्हाय ते मला म्हाईतच नव्हतं, मशीनजवल काय झालं तं माज्या गल्यात. उद्यापासून येऊ नको.” “माजा नवरा गेला तवा पन मी चार मान्सांत रडली न्हाय. आन् तुमी मला साऱ्या भिवंडीत रडवली?”

क्षितिजाने दवाखाना उघडलाच नाही, गोदूबाईला घेऊन थेट शेठचा कारखाना गाठला.

पद्माकर शेठ काचेच्या केबिनमध्ये बसले होते. काचेपलीकडे लूमचा खडखडाट चालू होता, आत मात्र पंख्याचाही आवाज ऐकू येत होता.

“या मॅडम! तुमच्या प्रकाशनाला प्रमुख पाहुणा मीच हाय, प्रितेशनं सांगितलं न्हाय का?”

सांगितलं नव्हतं. क्षितिजाने राग गिळला. “हिला कामावरून का काढलंत?”

“रिस्क हाय ना. बहिऱ्या मान्साला मशीनवर कसा ठेवू?”

“ती बहिरी जन्मली होती का? इथेच झाली. तुमच्या या काचेच्या पलीकडे. कानात घालायला साधे बोळे तरी दिलेत कधी?”

शेठ शांतपणे म्हणाले, “हेच. हाच धडा तुमच्या पुस्तकात हाय म्हनं. तो तेवढा काढा. पुस्तकं मी घेतो, हॉल माझा, जेवन माझं. बाई पन उद्या कामावर. मिटला विषय.”

क्षितिजाने गोदूबाईकडे बघितलं. तिची दोन नातवंडं शाळेत होती आणि सून आजारी. एक धडा गेला म्हणून काय बिघडतं, असं क्षणभर क्षितिजाच्या मनात आलं आणि त्या विचाराचीच तिला चीड आली.

“मावशी, तुम्ही सांगाल तसं करते. खरंच.”

“काय लिवलंय त्याच्यात?” गोदूबाईने विचारलं.

“की या आवाजाने कान जातात. मालकाला ते ठाऊक असतं. ते वाचवणं त्याचं काम आहे.”

गोदूबाईने काचेपलीकडे पाहिलं. तिच्या जागेवर एक नवी पोरगी सुताच्या कांड्या भरत होती, अठरा-एकोणीस वर्षांची.

“खरं हाय ते. ऱ्हाऊ दे त्याच्यात,” ती म्हणाली आणि शेठकडे न बघता बाहेर पडली.

प्रितेशने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुठच्या कुठे पसरला होता. “तुम्हाला मार्केट कळत नाही, मॅडम,” असं सुनावून तोही गेला. हॉल गेला, पाहुणे गेले. पुस्तक मात्र त्या धड्यासकट निघालं. प्रकाशन असं झालंच नाही. क्षितिजा शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या टपरीवर उभी राहून पुस्तकं वाटायची, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. पद्माकर शेठच्या फाटकावरचा वॉचमन तिला बघितलं की रस्त्याच्या पलीकडे हाकलायचा. ती पलीकडून वाचायची.

गोदूबाईला कांडीचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. व्हिडिओ सगळ्याच शेठलोकांनी बघितला होता. ती बाजारात सुकी मासळी घेऊन बसू लागली. एक दिवस क्षितिजा तिकडे गेली. ती जरा लांबच उभी राहिली.

दोन गिऱ्हाइकं गोदूबाईसमोर वाकून बोंबील चाचपत होती. त्यातली एक दुसरीच्या कानाला लागून कुजबुजली, “घे गं, बाई भोळी दिसते, देईल कमीत.”

“ऐकला मी,” गोदूबाई म्हणाली.

दोघी चपापल्या. गोदूबाईने त्यांच्या हातातला बोंबील काढून घेतला, नीट जागेवर ठेवला आणि पदर खांद्यावर ओढून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.