कोकिळाबाईंच्या भिंतीवरचे पथ्य

मित्रांनो, मी एक जुना पथ्याचा कागद आहे. यवतमाळच्या एका वैद्यबुवांनी मला लिहिले ते पुंडलिकरावांसाठी. गडी नेरजवळचा, खाऊनपिऊन सुखी, पोट सुटलेले, चार पावले चालला की धाप. नाडी पाहून वैद्यबुवा म्हणाले, "कफाची प्रकृती आहे." मग माझ्यावर सुबक अक्षरे उमटली. तेल, तूप, दूध, गूळ, भात बंद. कोरडी भाकर, मुगाचे कढण, रात्री नुसते गरम पाणी. सगळ्यांत वर पुंडलिकरावांचे नाव होते.

घरी येताच त्यांनी ती नावाची ओळ मागे दुमडली आणि मला फ्रेममध्ये घालून स्वयंपाकघरात टांगले. त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना पाहताच मी ओळखले, ही बाई वाताची. आधीच काटकुळी, कातडी कोरडी. हिला ऊन ऊन वरणभात हवा, वर तूप हवे.

"आतापासून सगळ्यायनं हेच खायचं," पुंडलिकराव म्हणाले. "एका घरात दोन सैपाक कायले?"

"मले भूक लागते हो रातच्यानं."

"भूक नाही ते, कफ हाय तुह्या अंगात. वैद्यानं लिहून देल्लं!"

खरे सांगतो, मी तेव्हा खूश होतो. पाहुणे मला वाचत, "काय शिस्त आहे घराला!" म्हणत, आणि मी फुगत असे. पुंडलिकराव मात्र दर बाजाराला नेरहून परतत ते मिशीला जिलबीचा पाक लावून. कोकिळाबाई त्यांना तोंड पुसायला टॉवेल देत आणि स्वतः गरम पाणी पिऊन निजत.

तीन वर्षांत त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गुडघे वाजू लागले, झोप उडाली. एकदा त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. पुंडलिकरावांनी तो थुंकायला लावला. मग माझ्यासमोर उभे करून माझी एकेक ओळ मोठ्याने वाचून घेतली, दोनदा. त्या रडत वाचत होत्या. मला माझे एक अक्षरही गिळता आले नाही.

परवा त्यांची लेक दिपाली लोहाऱ्याहून आली. आईला पाहून तिचा जीव चरकला. तिने मला फ्रेममधून ओढले, तशी दुमडलेली ओळ उलगडली.

"बाबा, हे त तुमचं नाव हाय!"

"मंग? कागद खोटा हाय का?" एवढे बोलून ते ओसरीवर जाऊन बसले.

दिपालीने तुरीचे वरण, भात, वर तुपाची धार असे ताट आईपुढे ठेवले. "खा माय." कोकिळाबाईंनी घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने कागद शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडाने म्हणू? ज्याचे पथ्य त्याने पाळावे, भुकेल्याला आधी वाढावे, एवढेच मागणे. दिपाली मला पाणी तापवायच्या चुलीत सारते आहे. बरेच करते आहे. मागे कोकिळाबाई ताटाला हात न लावता तिला हळूच म्हणत आहेत, "दिपू, तुह्या बाबाले इचारून ये न एक खेप."